भिंतीचा सराव

माझे वडील बत्तीस वर्षं एका कॉलेजात मुलींना बेसबॉल शिकवत होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं कॉलेज. गावात हा खेळ कुणी पाहिलेलाही नव्हता. वडील लूनावर बसून आसपासच्या खेड्यांत जायचे, कुणाच्या तरी अंगणात खाटेवर बसून चहा प्यायचे आणि मुलीच्या बापाला म्हणायचे, "पोरगी धावते चांगली. तीन वर्षं मले द्या. नोकरीले लागली नाही तर मले येऊन बोला." आणि बाप मंडळी द्यायची. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी कुणी पोलिसात आहे, कुणी रेल्वेत, बऱ्याच जणी शाळांमध्ये खेळ शिकवतात. नवे चेंडू परवडायचे नाहीत म्हणून उसवलेले चेंडू ते मोच्याकडून शिवून आणायचे. स्पर्धेच्या प्रवासात एखादीला पाळी आली, तर मधल्या स्टेशनावर स्वतः उतरून दुकानात जायचे आणि सामान कागदात गुंडाळून माझ्या हातात द्यायचे, न बोलता. त्या काळी आमच्या गावात हे करणारा दुसरा पुरुष मी पाहिला नाही.

माझ्या हातात, कारण मीही त्यांच्या संघात होते. मी चेंडू फेकायचे, पिचर. शेवटच्या वर्षी कॅप्टनही झाले. मैदानाचं फाटक ओलांडलं की ते ‘सर’ व्हायचे आणि घरी आले की पुन्हा ‘बाबा’. ही अदलाबदल मला कधी कठीण गेली नाही. निदान मला तसं वाटायचं.

आता मी डब्लिनच्या पश्चिमेला, क्लोनडॉकिनला राहते. सॉफ्टवेअरची नोकरी, आठवड्यातले तीन दिवस घरूनच. नवरा दूर उत्तरेला, लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. सोमवारी पहाटे गाडी काढतो, शुक्रवारी संध्याकाळी परत येतो. मुलगी अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते, आणि तेही इथल्या मुलांच्या हेलात.

आई गेल्यावर वडील आठ महिने गावी एकटेच राहिले. फोनवर ते "ठीक आहे" एवढंच म्हणायचे. मग मागच्या एप्रिलमध्ये मी त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. ते यायच्या आठवडाभर आधी मला गावाहून फोन आला. संघातली माझी जुनी मैत्रीण. ती आमची कॅचर होती, म्हणजे मी फेकलेला चेंडू पकडणारी. आता ती गावातच एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. म्हणाली, "सरांचा सत्कार करतोय आम्ही डिसेंबरात. सगळ्या जुन्या मुली येणार आहेत. एक पुस्तिका काढतोय. तू लेख दे. मुलगी पण तूच आणि खेळाडू पण तूच, तुझ्याशिवाय कोण लिहिणार?"

मी हो म्हणाले. तिच्याशी मी वीसेक वर्षांनी बोलत होते.

वडील आल्यावर पहिले दोन आठवडे खिडकीशी बसून समोरच्या घरांच्या कचऱ्याच्या डब्यांकडे बघत राहिले. पाऊस थांबला की कालव्याच्या कडेने चालून यायचे. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाहीतर मागायचे नाहीत. त्यांना बरं वाटावं म्हणून मीच सुचवलं, आपल्याकडे बेसबॉलचा एक क्लब आहे, लहान मुलांचा, चला बघायला. मुलगी तिथे वर्षभर जात होती. तिला त्या खेळात फार गती होती असं नाही. मैत्रिणी जातात म्हणून जायची.

रविवारी सकाळी पार्कातल्या त्या मैदानावर उभं राहिल्यावर माझ्या वडिलांचे खांदे सरळ झाले. मी ते डोळ्यांनी पाहिलं. क्लबचा कोच इथलाच, पन्नाशीचा माणूस. तरुणपणी काही वर्षं अमेरिकेत बांधकामावर होता, तिथून हा खेळ घेऊन परतला, आता बस चालवतो. मैदानावरच्या पांढऱ्या रेघा पावसाने पुसल्या होत्या. वडिलांनी खुणेनेच दोरी मागितली, खुंट्या ठोकल्या आणि अर्ध्या तासात सगळं मैदान आखून दिलं. कोणता कोन किती, हे त्यांना मोजावं लागलं नाही. कोच कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मला म्हणाला, "युअर डॅड इज अ लेजंड." मी ते वडिलांना सांगितलं. घरी जाताना गाडीत ते आपणहून बोलले, आई गेल्यापासून पहिल्यांदा. "जमीन ओली आहे पण मातीत दम आहे," म्हणाले.

पुढच्या रविवारी कोचने माझ्या हातात फॉर्म ठेवले. मुलांना शिकवायचं असेल तर पोलिसांकडून तपासणी व्हावी लागते, इथली आणि तिकडचीही. काही आठवडे लागतील. तोवर रेघा आखा, सामान लावा, पण मुलांच्या जवळ जाऊन शिकवता येणार नाही, असं त्याने फार नम्रपणे सांगितलं.

"माझं चारित्र्य तपासून राहिले का हे?" वडिलांनी विचारलं.

"सगळ्यांचंच तपासतात, बाबा. त्याचं स्वतःचंही झालंय."

त्यांनी सही केली. पण मुलांना शिकवायचं नाही म्हटल्यावर त्यांचं सगळं लक्ष नातीवर आलं. शाळा सुटली की घरामागच्या अंगणात दोघांचा सराव सुरू व्हायचा. तीही खुशीत होती. आजोबांचं इंग्रजी खेळापुरतंच होतं, "गुड थ्रो, बेंड नी, अगेन," आणि ती त्यांची नक्कल करून माझ्याशी बोलायची. "आई, बेंड नी," म्हणत भांडी प्रेसमध्ये ठेवायची. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. घरात आवाज परत आला होता. मी लेटरकेनीला फोन करून नवऱ्याला म्हणाले, बघ, बाबा सुधारतायत.

एका दुपारी मी वरच्या खोलीत काम करत होते. खालून चेंडूचा आवाज येत होता. ग्लोव्हमध्ये चेंडू बसला की तो आवाज भरीव येतो. आमच्या घरात तो मी लहानपणापासून ओळखते. मग आवाज बदलला. मी उठून खिडकीशी गेले.

मुलगी मागच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. ग्लोव्ह गवतावर पडला होता. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते. वडील दहा-बारा पावलांवर उभे राहून तिच्या अंगावर चेंडू फेकत होते.

हा सराव मला पाठ होता. आम्ही त्याला ‘भिंत’ म्हणायचो. जी मुलगी चेंडू येताना डोळे मिटते तिला कॉलेजच्या कंपाउंडला पाठ टेकवून उभं करायचं, हात मागे, आणि चेंडू अंगावर घ्यायला लावायचा. छातीवर, खांद्यावर, मांडीवर. सलग दहा चेंडू डोळे न मिटता घेतले की सुटका. मिटले की पुन्हा एकपासून. सर म्हणायचे, एकदा लागून गेलं की भीती उरत नाही. आम्ही सगळ्या त्यातून गेलो होतो. मीही.

मी खिडकीत उभी राहिले. खाली जायला हवं, खिडकी उघडून ओरडायला हवं, हे सगळं मला कळत होतं. पण सरांचा सराव चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की पाय हलेनात. चाळिशीची बाई, एका मुलीची आई, आणि मी तिथे उभी राहून चेंडू मोजत होते. चार. पाच. पाचव्याला मुलीने डोळे मिटले. वडिलांनी बोट वर केलं, म्हणजे पुन्हा एक. सातवा की आठवा चेंडू तिच्या गळ्याखालच्या हाडावर बसला आणि ती खाली वाकली. तेव्हा कुठे मी जिना उतरले.

मी अंगणात पोचेपर्यंत ती उभी राहिली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती. "आय'म ग्रँड," म्हणाली. ग्रँड हा इथल्या लोकांचा शब्द, पाय मोडला तरी ग्रँडच म्हणतील. पण ज्या सुरात ती म्हणाली, तो सूर मला माहीत होता.

"बस करा, बाबा," एवढंच मी म्हणाले.

"शिकून राहिली ती," वडील म्हणाले. "आता दोनदाच मिटले."

मी तिला आत नेलं, बर्फ लावला. वडिलांशी त्यावर बोलले नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही. रविवारी मी तिला उंच गळ्याचा टी-शर्ट घालायला काढून दिला. मी काय करतेय हे मला कळत होतं.

मैदानावर मुलगी जर्सी बदलत असताना मदतीला आलेल्या कोचच्या बायकोने ते निळे-पिवळे डाग पाहिले. कोचने मला बाजूला घेतलं. तो अवघडला होता, टोपी काढून हातात फिरवत होता. "मला विचारावं लागतं," म्हणाला. "आणि तुझ्या मुलीने मला जे सांगितलं ते पुढे कळवावंही लागतं. माझ्या हातात नाहीये ते." मी म्हणाले, कळवा. तो म्हणाला, "तुझ्या वडिलांनी आता इथे येऊ नये, हे तू सांगशील का? मला सांगवणार नाही."

मी गाडीत बसल्यावर सांगितलं. वडील बाहेर बघत राहिले. त्यांनी आखलेल्या रेघांवर मुलं धावत होती.

त्या शुक्रवारी नवरा आल्यावर मला सगळं सांगावं लागलं. त्याने मुलीचा गळा डॉक्टरासारखा तपासला, हाड दाबून पाहिलं, मग माझ्याकडे वळला. "तू घरीच होतीस ना?"

"मीटिंगमध्ये होते," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात लहान मुलांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याची एक बाई घरी आली. माझ्याहून तरुण, शांत आवाजाची. आधी ती पुढच्या खोलीत मुलीशी एकटीच बोलली. मग स्वयंपाकघरात येऊन वडिलांसमोर बसली. मराठीचा दुभाषी त्यांना मिळत नव्हता. मी म्हणाले, मी सांगते ना. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, आज नुसत्या गप्पा आहेत, आजच्यापुरतं चालेल.

मुलगी दारात उभी होती. तिला वर जा म्हणून कुणी सांगितलं नाही.

बाईने विचारलं, "तुम्ही चेंडू मुद्दाम तिच्या अंगावर फेकलात का?"

मी मराठीत सांगितलं. वडील ताठ बसले होते, जणू कॉलेजच्या तपासणीला समिती आली आहे. म्हणाले, "हो मग. अंगावरच फेकला. लागल्याशिवाय भीती जात नाही. हिच्या आईलेही मी असंच शिकवलं."

मी इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणतात, ते तिला पकडायला शिकवत होते. हळूच फेकत होते. चुकून लागला."

"दॅट्स नॉट व्हॉट ही सेड," दारातून आवाज आला.

आम्ही दोघीही वळलो. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, बाईकडे बघत होती. तिने आजोबांचं वाक्य न् वाक्य इंग्रजीत सांगितलं. लागल्याशिवाय भीती जात नाही, हे तिने इतकं नेमकं सांगितलं की मलाही तसं जमलं नसतं. आणि शेवटचंही सांगितलं. आईलाही असंच शिकवलं.

"हे खरं आहे?" बाईने मला विचारलं.

"हो."

"त्या दिवशी तू कुठे होतीस?"

"वर. कामात होते."

बाईने वहीत काहीतरी लिहिलं. वडिलांना काय घडलं ते कळलं नव्हतं. ते माझ्याकडून नातीकडे आणि नातीकडून माझ्याकडे बघत होते. "काय म्हणून राहिली ती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही.

बाई गेल्यावर मुलगी जिन्याच्या पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती इंग्रजीतच म्हणाली, अगदी सरळ, "तू खिडकीत होतीस. मी पाहिलं तुला. मला वाटलं, तुला चालतंय."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तिने तो राहू दिला.

खात्याने पुढे काही मोठं केलं नाही. आजोबांनी मुलीबरोबर एकटं असू नये, असा सराव पुन्हा होऊ नये, असं लेखी आलं. त्यावर मी आणि नवऱ्याने सही केली. नवऱ्याचं म्हणणं होतं, पहिल्या विमानाने त्यांना परत पाठव. त्यांचे तीन आठवडे उरले होते. मी नाही म्हणाले. मी ऑफिसातून रजा काढली आणि घरी थांबले, आणि ते तीन आठवडे आम्ही बाप-लेक एका घरात जवळजवळ न बोलता राहिलो.

एकदाच बोललो. सकाळची वेळ होती, मुलगी शाळेत गेली होती. ते चहाचा कप घेऊन ओट्याशी उभे होते. म्हणाले, "या देशात पोरीले शिकवणं गुन्हा आहे का? तुले शिकवलं तसंच हिले शिकवलं. तू मेली का?"

"मी नाही मेले," मी म्हणाले. "पण तिचा डोळा गेला."

ते कुणाबद्दल हे सांगायची गरज नव्हती. माझ्या शेवटच्या वर्षी आमची कॅचर, जी आता सत्कार करायला निघाली होती, भिंतीशी उभी होती. चेंडू फेकायला सरांनी मला उभं केलं होतं. माझा हात हलका पडत होता. सर मागून म्हणाले, "जोरात फेक. मैत्रीण आहे म्हणून लाडात फेकू नको." मी जोरात फेकला. तो मोच्याकडून शिवून आणलेला चेंडू होता, हवेत वळला. तिच्या डाव्या डोळ्याची नजर त्या दिवशी गेली ती गेलीच. कॉलेजच्या कागदावर लिहिलं गेलं, की सामन्याच्या सरावात चेंडू जमिनीवरून उसळून लागला.

"तो अपघात होता," वडील म्हणाले.

"उसळला नव्हता, बाबा. मी फेकला होता. तुमच्या सांगण्यावरून."

त्यांनी कप धुतला, पालथा घातला, फडक्याला हात पुसले. "सही तर तूच केली होती ना," म्हणाले आणि कालव्याकडे फिरायला निघून गेले.

ते खरं होतं. कॅप्टन म्हणून त्या कागदावर माझी सही होती.

मी दार लावलं आणि गावाला फोन केला. तिकडे दुपार होती, शाळेच्या मैदानाचा गलका ऐकू येत होता. मी मैत्रिणीला म्हणाले, मला लेख लिहिता येणार नाही. आणि का ते सांगितलं. चेंडू उसळला नव्हता, मी सही केली, सगळं.

ती ऐकून म्हणाली, "अगं, हे मला सांगतेस? डोळे उघडे ठेवायला सांगितलं होतं. उघडेच होते माझे. तुझ्या हातातून सुटताना पाहिलाय मी तो चेंडू."

"मग इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं काय? सर दर महिन्याला मला नागपूरला घेऊन जायचे. एसटीने. दोन वर्षं. डॉक्टरांपुढे हात जोडायचे. माझ्या बापाने लग्न ठरवायला घेतलं तर दारात येऊन बसले, म्हणाले, हिची नोकरी होईपर्यंत उठत नाही. तू एकदा तरी आलीस? चार घरं टाकून तर राहत होतीस. रिझल्ट लागला आणि पुण्याला गेलीस. मी वाट बघत होते."

मी ओट्यावरचा बाबांचा पालथा कप सुलटा करून ठेवला.

"मला घरातून बाहेरच्या जगात आणलं त्यांनी, त्याचा सत्कार करतेय मी," ती म्हणाली. "डोळ्याचं ते वेगळं आहे. त्याबद्दल ते मला कधी काही बोललेले नाहीत. दिवाळीला जाते, समोर बसते. चहा करून देतात, शाळेचं विचारतात. आपलं चुकलं असं एकदा म्हणतील म्हणून बसते. नाही म्हणत. माझ्या शाळेतल्या मुलींना मी भिंतीशी उभं करत नाही. एवढंच मला जमलं. तू लिही. जे झालं ते लिही."

"छापशील?"

"नाही. पण त्यांना वाचायला देईन."

वडील जुलैत परत गेले. विमानतळावर नातीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, ती किंचित मागे सरली, मग पुढे होऊन पाया पडली. नवरा गाडी लावायला गेला तो आत आलाच नाही.

मी ती चार पानं ऑगस्टमध्ये लिहिली आणि पाठवली. डिसेंबरातला सत्कार मी इथे स्वयंपाकघरात लॅपटॉपवर पाहिला. मैदानात मांडव घातला होता. पोलिसांच्या गणवेशातल्या बायका एकेक येऊन वाकून नमस्कार करत होत्या, काही रडत होत्या, आणि ते अश्रू खोटे नव्हते. मैत्रिणीने प्रास्ताविक केलं. वडील दहा मिनिटं बोलले. जिंकलेल्या स्पर्धा, गावोगावचे बाप, लूना. मी शेवटपर्यंत वाट पाहिली. मग त्यांनी हात जोडले आणि चित्र गोठलं.

फेब्रुवारीत मी एकटी गावी गेले. आधी मैत्रिणीच्या घरी. दारात तिने मला नीट पाहण्यासाठी मान डावीकडे वळवली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बस आधी." आणि जेवू घातलं. माफीबद्दल ती हो किंवा नाही काहीच बोलली नाही. जेवण झाल्यावर म्हणाली, "चल, सरांकडे जाऊ."

वडिलांनी दार उघडलं, आम्हा दोघींना एकत्र पाहिलं आणि चहा टाकायला आत गेले. चहा दिला. शाळेचं विचारलं. मग उठले आणि खणातून माझी चार पानं काढून आणली. घड्या पडून पडून कडा मऊ झाल्या होत्या.

"यात एक चूक आहे," म्हणाले. चष्मा लावून त्यांनी ती ओळ शोधली. "तू लिहिलं, की कॉलेजकडे कॅचरचा मास्क नव्हता. होता. नवा होता. कपाटात होता. सरावात जाळीची तार वाकेल म्हणून मी बाहेर काढू दिला नाही. मॅचसाठी ठेवला होता."

बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"कपाटाची किल्ली कुणाकडे होती, सर?" मैत्रिणीने विचारलं.

"माझ्याकडे."

त्यांनी पानं पुन्हा घडी करून टीपॉयवर ठेवली. ती खणात परत ठेवली नाहीत, मला दिली नाहीत. त्यांचा हात त्या पानांवरच राहिला. मैत्रिणीने चहा संपवला, कपबशी उचलून आत नेऊन ठेवली आणि म्हणाली, "येते, सर. दुसऱ्या पाळीचा तास आहे मला." ते मान हलवत राहिले. मी त्या रात्री त्यांच्याकडेच राहिले. खिचडी केली. ते जेवले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

परत आल्यावर मी मुलीला सगळं सांगितलं, मराठीत, काही न गाळता. खिडकीचंही. मला खाली यायला हवं होतं आणि मी आले नाही, हेही. ती कॉर्नफ्लेक्स खात होती.

"सॉरी म्हणाले का ते?" तिने विचारलं.

"नाही. पण जे केलं ते सांगितलं."

तिने थोडा विचार केला. "ते वेगळं असतं," म्हणाली. पुढच्या रविवारपासून पुन्हा क्लबला जायचं की नाही, हे तिचं अजून ठरत नाही. कोचने तिचं नाव यादीतून काढलेलं नाही, एवढं त्याने मला कळवलं आहे. वडिलांचा फोन येतो तेव्हा ती त्यांच्याशी बोलते. अभ्यास, पाऊस, जेवण. मी शेजारच्या खोलीत असते आणि दोघं काय बोलतात ते ऐकत राहते.